समीकरण संतुलित करताना पाकीट फोडू नका!

दहावीच्या वर्गात एकदा हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचे समीकरण संतुलित करायला दिले होते. एका मुलाने पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहून अणू जुळवले. मी लाल फुली मारली. तो म्हणाला, "सर, दोन्हीकडे अणू सारखेच आहेत की! मग चुकलं कुठे?"

प्रश्न रास्त होता. 'का' हे मीच सांगितले नव्हते.

त्याने लिहिलेला पदार्थ पाणी नव्हताच, तो हायड्रोजन पेरॉक्साइड होता. सूत्रातला अंक बदलला की पदार्थच बदलतो.

तेव्हापासून मी लाडवांची पाकिटे घेऊन हा धडा शिकवतो. पाकिटात किती लाडू, हे सूत्रातला लहान अंक सांगतो. तो ठरलेला आहे. पाकिटे किती, हे सूत्राच्या आधीचा मोठा अंक म्हणजे सहगुणक सांगतो. तो आपल्या हातात आहे. पाकिटे वाढवा, पाकीट फोडू नका!

आता घरातलेच उदाहरण घेऊ. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात.

प्रोपेन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + पाणी

१. आधी कार्बन : डावीकडे ३, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे रेणू ३.
२. मग हायड्रोजन : डावीकडे ८, पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याचे रेणू ४.
३. ऑक्सिजन शेवटी, कारण डावीकडे तो एकटाच आहे आणि त्याचा सहगुणक बदलला तरी बाकीचे बिघडत नाही. उजवीकडे ६ + ४ = १० अणू, म्हणून ऑक्सिजनचे रेणू ५.

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

शेवटी प्रत्येक मूलद्रव्य दोन्ही बाजूंना पुन्हा मोजायला लावा. अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. लॅव्हाझिए यांचा द्रव्य अक्षय्यतेचा नियम तो हाच.

हा ५ फक्त गुणांपुरता नाही. १ लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला ५ लिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे २४ लिटर हवा लागते. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवला आणि हवा कमी पडली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. मुलांना हे जरूर सांगा.

पालकहो, घरी ब्युटेनचे समीकरण करून घ्या. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. ऑक्सिजनपाशी साडेसहा येतील आणि मूल अडेल. लगेच उत्तर सांगू नका. सगळे सहगुणक दुप्पट करायचे, हे त्याचे त्यालाच सुचू द्या. मग २, १३, ८, १० असे अंक येतील.

आणि "चुकलं कुठे?" असे मुलाने विचारले, तर फुलीवर थांबू नका. मी थांबलो होतो.