पोकर: नशीब की कौशल्य? आणि तुमचं दुकान?



"सर, धंदा म्हणजे शेवटी जुगारच. नशिबात असेल तर चालतो." प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हे म्हणतंच. म्हणून या आठवड्याच्या व्हिडिओत आपण थेट पत्तेच काढले. व्हिडिओत जे घाईत राहिलं, ते इथे नीट लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा.

१. आधी एक सोपी कसोटी

एखाद्या गोष्टीत कौशल्य आहे का, हे कसं ओळखायचं? मायकेल मॉबुसिन या गुंतवणूक अभ्यासकाची कसोटी भारी आहे. स्वतःला विचारा: यात मुद्दाम हरता येतं का?

लॉटरीत मुद्दाम हरता येत नाही. कुठलंही तिकीट घ्या, शक्यता तेवढीच. पोकरमध्ये मात्र आरामात हरता येतं. चांगले पत्ते आले की डाव सोडा, फालतू पत्त्यांवर पैसे लावा, संपलं. म्हणजे कौशल्य आहे.

दुकानातही मुद्दाम हरता येतं. बाजाराच्या दिवशी शटर उघडू नका, गिऱ्हाइकाशी तुसडेपणाने बोला, उधारी लिहूनच ठेवू नका. बघा किती दिवस टिकतं!

२. मग नशीब कुठे आहे?

'टेक्सास होल्डेम' या पोकरमध्ये प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात. समजा तुमच्याकडे दोन एक्के आहेत, समोरच्याकडे दोन बादशहा. दोघांनीही सगळे पैसे लावले. तुम्ही १०० पैकी साधारण ८२ वेळा जिंकाल. उरलेल्या १८ वेळा काहीही न चुकता हराल.

म्हणून एक डाव बघून खेळाडू ओळखता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये 'लिब्राटस' नावाचा संगणक प्रोग्राम चार कसलेल्या खेळाडूंशी खेळला आणि जिंकला. किती डाव? १,२०,०००! वीस दिवस खेळ चालला. शिवाय एका खोलीत जे पत्ते माणसाला, तेच दुसऱ्या खोलीत संगणकाला दिले जायचे. एवढी खटपट केली ती नशिबाचा भाग कमी करून खरं कौशल्य बघायला.

लक्षात ठेवा: एका डावात नशीब बोलतं, हजारो डावांत कौशल्य.

३. कोर्टातही एकमत नाही

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पोकरबद्दल मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नशिबाचा खेळ म्हटलं, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा. शेवटी २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यामुळे मोबाइलवर "हा तर स्किल गेम आहे" म्हणून कुणी गळ घातली तर गल्ल्यातला एक रुपयाही काढू नका. आपल्याला पोकर खेळायचा नाही, त्यातला हिशेब शिकायचाय.

४. दुकानात किती डाव मिळतात?

खरा मुद्दा इथे आहे. दिवाळी वर्षातून एकदाच येते. तीस वर्षं दुकान चालवलं तरी दिवाळीचे डाव तीसच! पण रोज ५० गिऱ्हाइकं आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर काउंटरवरचे डाव होतात १५,०००. बोलणं, भाव, माल मांडणं, सुटे पैसे, वसुली. इथे तुमचं कौशल्य हमखास दिसतं. आपण मात्र डोकं लावतो ते त्या एका मोठ्या डावावर.

उदाहरण घ्या. एकाने व्याजाने पैसे काढून नेहमीच्या पाचपट छत्र्या भरल्या. पाऊस जोरात पडला, सगळा माल खपला. गावभर कौतुक! दुसऱ्याने मागच्या तीन वर्षांची विक्री बघून माल घेतला आणि उरलेला परत देण्याचं होलसेलरकडून कबूल करून घेतलं. जून कोरडा गेला, त्याला थोडा फटका बसला. हुशार कोण? निकाल पहिल्याचा चांगला, निर्णय दुसऱ्याचा. पुढच्या वर्षी नक्कल करायची तर दुसऱ्याची करा.

५. सगळं भांडवल एका डावावर नको

परत एक्क्यांकडे येऊ. ८२ टक्के शक्यता म्हणजे जवळजवळ पक्कं, असं वाटतं ना? आता प्रत्येक वेळी सगळं भांडवल लावून असे पाच डाव खेळा. पाचही जिंकायची शक्यता फक्त ३७ टक्के. म्हणजे इतके चांगले पत्ते हातात असूनही १०० पैकी ६३ जण कुठेतरी साफ होणार.

हे लोक बिनडोक नव्हते. हरल्यावर पुढच्या डावाला बसायला त्यांच्याकडे पैसेच उरले नव्हते, एवढंच. कौशल्य दिसायला हजार डाव लागतात आणि हजाराव्या डावापर्यंत टेबलावर टिकावं लागतं. म्हणून नवीन माल आधी थोडा घ्या, चालला की वाढवा. घरखर्चाचे, मुलांच्या फीचे पैसे सीझनच्या मालात कधीच घालू नका.

६. या आठवड्याचा गृहपाठ

एक 'निर्णय वही' करा. दहा हजारांच्या वरची कुठलीही ऑर्डर देण्याआधी चार ओळी लिहा:

- काय घेतोय आणि का?
- कशावरून वाटतं की चालेल? (जुनी विक्री, की नुसता अंदाज?)
- नाही चाललं तर किती रुपये बुडतील?
- तेवढे बुडाले तरी पुढच्या महिन्यात माल भरता येईल का?

चौथ्याचं उत्तर "नाही" असेल तर ऑर्डर निम्मी करा आणि परत विचारा. तीन महिन्यांनी वही उघडून दोन वेगळे मार्क द्या, एक निर्णयाला आणि एक निकालाला. निकाल वाईट पण निर्णय चांगला असेल तर घाबरून पद्धत बदलू नका. निकाल चांगला पण निर्णय वाईट असेल तर पेढे जरूर वाटा, पण पुढच्या वेळी तसं करू नका.

पुढच्या भागात याच वहीवरून उधारीची मर्यादा कशी ठरवायची ते बघू. तोपर्यंत पहिली चार पानं भरून ठेवा!