आधी पान उलटून बघ

चि. सागर,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. रडत होती. घेवड्याची पानं पिवळी पडली म्हणून दुकानातून मिळतील ती औषधं एकाच पंपात कालवलीस, ना तोंडाला फडकं ना हातात मोजे, भर दुपारी फवारलंस आणि रात्रभर उलट्या काढल्यास. ऐकल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं गेलेली माणसंही शेतात राबणारीच होती रे.

तू पाठवलेला फोटो मी पाहिला. गर्द-फिकट हिरवे चट्टे, पान आक्रसून खाली वळलेलं. हा मोझॅक आहे, विषाणूचा रोग. एकदा झाडात शिरला की त्याला औषध नाही. तो बियाण्यातून येतो आणि मावा त्याला झाडाझाडावर नेतो. पहिली रोगट झाडं दिसली तेव्हाच उपटून टाकायची होती. म्हणजे ज्याच्यासाठी विष अंगावर घेतलंस, त्या रोगावर त्याचा उपयोगच नव्हता! माझा राग आहे तो याचा.

अरे, आधी पान उलटून बघावं. तांबेऱ्याच्या तांबूस पुटकुळ्या खालच्या बाजूला जास्त असतात, बोट फिरवलं की पूड बोटाला लागते. भुरी पांढरी, पिठासारखी, पुसली तर निघते. करपा मात्र शेंगेवर ओळखावा: खोलगट, काळपट, तांबूस कडेचे डाग, आणि पानामागच्या शिरा विटकरी-काळ्या. तोही बियाण्यातून येतो. अशा शेंगेतलं वाघ्या घेवड्याचं बी कितीही टपोरं दिसलं तरी पेरणीला ठेवू नकोस. पानं ओली असताना वाफ्यात शिरू नकोस, करपा आणि तांबेरा दोन्ही अंगाला लागून पुढच्या झाडावर जातात. झाडानं मान टाकली असेल तर एक उपटून मूळ बघ. मूळ तांबूस होऊन कुजलेलं असेल, तर वरून फवारून काय होणार? पाण्याचा निचरा कर, पुढची दोन-तीन वर्षं तिथं घेवडा नको.

आणि फवारलेल्या शेंगा घरातही नकोत, बाजारातही नकोत. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. इतकी औषधं कालवलीस, तर त्यातली सगळ्यात लांबची मुदत मोज.

आण्णा फवारून आले की ओसरीवर डोकं धरून बसायचे. मी पाण्याचा तांब्या द्यायची आणि गप्प बसायची. मुलीच्या जातीनं बापाला काय सांगायचं, असं तेव्हा वाटायचं. "आण्णा, उद्या जाऊ नका" एवढं तोंडून निघालं नाही, ते आजही टोचतं. म्हणून तुला बोलते आहे, थोडं जास्तच बोलले.

तुझा हात चांगला आहे, सागर. गेल्या साली तू पाठवलेला घेवडा मी शेजाऱ्यांना वाटला होता, माझ्या भाच्याचा म्हणून. तो वाफा गेला तर जाऊ दे. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा औषधांचे डबे सोबत ने, त्यावरची नावं त्यांना दाखव. रविवारी मी एसटीनं कोरेगावला येते आहे. तोवर पंपाला हात लावू नकोस. उलट्या थांबल्या का, पेज तरी पोटात राहते का, हे आजच्या आज आईला फोन करून सांगायला लाव.

तुझी आत्या