अठ्ठावन्न अंशांची नोंद

लिबिया हा उत्तर आफ्रिकेतील देश. त्याच्या उत्तरेस भूमध्य समुद्र पसरलेला आहे आणि दक्षिणेस सहाराचे अफाट वाळवंट. त्रिपोली ही त्याची राजधानी समुद्रकाठी वसली आहे. तेथून सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेकडे गेले, म्हणजे अल अझीझिया हे गाव लागते. एरवी या गावाचे नाव दूरच्या देशांतील मुलांच्या कानी पडण्याचे काही कारण नव्हते. परंतु तब्बल नव्वद वर्षे ते जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत छापले जात होते. पृथ्वीच्या पाठीवर मोजलेले सर्वांत अधिक तपमान तेथे नोंदले गेले होते. दिवस होता १३ सप्टेंबर १९२२, आणि आकडा होता ५८ अंश सेल्सिअस.

यापूर्वीचा उच्चांक अमेरिकेतील डेथ व्हॅली नावाच्या दरीचा होता. ही दरी समुद्रसपाटीहूनही खोल असून डोंगरांनी वेढलेली आहे. तेथील ग्रीनलँड मळ्यावर १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तपमान नोंदले गेले होते. जुलैत तेथील दिवस सुमारे साडेचौदा तासांचा असतो. एवढा वेळ सूर्य तळपत राहिल्यावर ती खोल दरी भट्टीसारखी तापावी, यात नवल नाही.

अल अझीझियाचा दिवस मात्र सप्टेंबरातला. २१ जून रोजी त्या गावी सूर्य सुमारे सव्वाचौदा तास आकाशात असतो आणि दुपारी जवळजवळ माथ्यावर येतो. पुढे दिवस लहान होत जातो. १३ सप्टेंबरला तो साडेबारा तासांच्या आसपास उरतो, आणि दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे बराच कललेला असतो. मग जूनमध्ये नव्हे, तर सप्टेंबरात एवढी उष्णता कोठून आली? या प्रश्नाला एक उत्तर होते. महाराष्ट्रात जूनमध्ये पावसाळा येतो आणि तापलेली भूमी निवते. लिबियाचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे तेथील भूमी महिनोन्‌महिने तापतच राहते. त्यातच वाळवंटाकडून 'गिबली' नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटला, की समुद्रालगतच्या गावांतही अंगाची लाही होते. दिवस लहान झाला, तरी वारा उष्णता वाहून आणू शकतो. म्हणून लोकांनी तो आकडा मानला.

तथापि काही अभ्यासकांच्या मनात शंका होती. गिबली वारा एकाच गावावर वाहत नाही, मग आसपासच्या केंद्रांच्या नोंदींशी हा आकडा का जुळत नाही? पुढील वर्षांत त्याच गावी घेतलेल्या नोंदींशीही तो विसंगत होता. अखेर जागतिक हवामानशास्त्र संघटनेने अनेक देशांच्या तज्ज्ञांकडे हे काम सोपविले. आकडा तर साऱ्यांना पाठ होता. तज्ज्ञांना हवी होती ती १९२२ सालची मूळ नोंद. लिबियाच्या हवामान केंद्रातील अधिकारी खलिद अल फदली यांनी ती शोधून काढली. इतक्यात, २०११ साली, लिबियात क्रांतीचा भडका उडाला. युद्ध पेटले, त्यांचा इतर तज्ज्ञांशी संपर्क तुटला, आणि परदेशातील सहकाऱ्यांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली. काही महिन्यांनी ते सुखरूप असल्याचे कळले आणि थांबलेले काम पुन्हा सुरू झाले.

त्या जुन्या कागदाने पुष्कळ काही सांगितले. ११ सप्टेंबरपासून नोंदीचे अक्षरच बदलले होते, म्हणजे कोणी नवा माणूस कामावर आला होता. त्याने आकडे भलत्याच रकान्यांत लिहिले होते. त्या काळी लिबिया इटलीच्या ताब्यात होता आणि हे केंद्र इटालियन सैन्याच्या तळावर होते. यंत्राखालची जमीन वाळवंटातील मातीची नसून डांबरासारख्या काळपट पदार्थाने झाकलेली होती. अशी जमीन उन्हात अधिकच तापते.

खरी मेख होती ती उष्णतामापकात. ते सिक्सच्या कमाल-किमान उष्णतामापकाच्या जातीचे होते. या यंत्रात वाकविलेल्या नळीत पारा असतो, आणि पाऱ्याच्या टोकावर एक बारीकशी पोलादी कांडी असते. तिला दर्शक म्हणतात. उष्णता वाढली म्हणजे पारा दर्शकाला वर ढकलतो. पारा मागे हटला, तरी दर्शक जेथे पोचला असेल तेथेच अडकून राहतो. दर्शकाचे जे टोक पाऱ्याच्या बाजूला असते, त्याच्यासमोरचा आकडा वाचावयाचा असतो. नवख्या माणसाची नजर मात्र सहज वरच्या टोकाकडे जाते. त्या यंत्रातील दर्शकाची लांबी सुमारे ७ अंशांएवढी होती. वरचे टोक वाचले, की तेवढे अंश फुकटात वाढले! बिचाऱ्याने लबाडी केली असे नव्हे. हे यंत्र वाचावयास कोणी नीट शिकविले नाही, तर चांगला हुशार माणूसही तेथे फसावा.

१३ सप्टेंबर २०१२ रोजी, म्हणजे नेमक्या ९० वर्षांनी, संघटनेने आपला निर्णय जाहीर केला. अल अझीझियाची नोंद रद्द झाली आणि डेथ व्हॅलीचा १९१३ चा आकडा पुन्हा पहिला ठरला. त्याविषयीही काही तज्ज्ञ शंका घेतात. एका आकड्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पृथ्वी पूर्वीपेक्षा अधिक तापते आहे काय, हे जुन्या नोंदींशी ताडूनच ठरवावे लागते. जुना आकडाच फुगलेला असेल, तर आजची उष्णता त्यापुढे उगाच सौम्य भासेल.

यंत्रे बदलली, तरी असे प्रसंग टळलेले नाहीत. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तपमान दाखविले आणि वर्तमानपत्रांतून एकच खळबळ उडाली. येथे चुकीच्या टोकाकडे पाहणारा माणूस नव्हता, की पारा नव्हता. विजेवर चालणारे यंत्र आपोआप आकडा पाठवीत होते. परंतु त्याच शहरातील इतर काही केंद्रांचे आकडे पुष्कळच खाली होते. हवामानखात्याने चौकशी केली, यंत्रातच बिघाड असल्याचे सांगितले, आणि तो आकडा उच्चांकांच्या यादीत शिरला नाही.