कदम बदल : आहार बिघडल्यावर पुन्हा लयीत कसे यावे



ड्रिलच्या तासाला आपण सगळेच कधी ना कधी चुकलेलो आहोत. सगळ्या स्क्वॉडचा डावा पाय पडतो आणि आपला नेमका उजवा. अशा वेळी काय करायचे हे उस्तादांनी आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवले आहे. थांबायचे नाही, रांग सोडायची नाही, आणि घाबरून दोन उड्याही मारायच्या नाहीत. पुढचा पाय पडला की मागच्या पायाचा मध्यभाग त्याच्या टाचेजवळ आणायचा आणि तोच पुढचा पाय पुन्हा टाकायचा. कदम बदल! झाले, आपण पुन्हा सगळ्यांबरोबर. परेड पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

हा लेख मात्र ड्रिलवर नाही, जेवणावर आहे. ताटासमोरही 'कदम बदल' लागते, हे मला यंदाच्या दिवाळीनंतर कळले, आणि कळण्याआधी माझ्यामुळे माझ्या हाउसचे नुकसान झाले. म्हणून हे लिहीत आहे.

माझी चूक

मी दुर्गचा. माझे आजोबा विदर्भातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला आले आणि आमचे घर तिकडचेच झाले. जुलैमध्ये माझे गुडघे दुखू लागले, तेव्हा एमआय रूममध्ये वजन केले. उंचीच्या मानाने ते जास्त होते. डॉक्टर आणि उस्ताद या दोघांनी मिळून मला चारच गोष्टी सांगितल्या : टक शॉपमधले थंड पेय आणि वेफर्स बंद, रात्रीच्या अभ्यासानंतर ट्रंकेतली बिस्किटे बंद, पुऱ्या-पराठे दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत, आणि नाश्ता कधीही चुकवायचा नाही. मी हे ऑक्टोबरपर्यंत पाळले. गुडघे दुखायचे थांबले आणि हाउसच्या क्रॉसकंट्री संघात सहावा धावपटू म्हणून माझी निवड झाली.

मग दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. पहिल्या संध्याकाळी आईने ताट पुढे केले. चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे. शेजारच्या काकूंनी ठेठरी आणि खुरमी आणून दिली आणि म्हणाल्या, "खा ले बेटा, हॉस्टल में का मिलथे!" मी खाल्ले, पोटभर खाल्ले. इथपर्यंत काही बिघडले नव्हते. सणाला खायचे नाही तर कधी खायचे?

बिघडले ते रात्री. अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात आले, 'आता नियम मोडलाच आहे. शाळेत गेल्यावर बघू.' त्या एका वाक्यावर मी उरलेले दहा दिवस काढले. सकाळी नाश्त्याला करंज्या, दुपारी शीतपेय, रात्री टीव्हीसमोर चिवड्याचा डबा. भूक होती म्हणून खाल्ले असेही नाही.

शाळेत परतल्यावर काट्यावर उभा राहिलो तर वजन तीन किलोंनी वाढलेले. कोणाला सांगायची लाज वाटली. शर्यतीला दोन दिवस होते. मी ठरवले, दोन दिवस जेवायचेच नाही. मेसमध्ये ताट घ्यायचो आणि पोळ्या मित्राच्या ताटात सरकवायचो. शर्यतीच्या सकाळी फक्त चहा घेतला. तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी कुंपणाला धरून खाली बसलो. आपल्याकडे प्रत्येक हाउसच्या सहा धावपटूंचे क्रमांक मोजतात. आमचे पाचच पोहोचले. कॅप्टन मला एक शब्दही बोलला नाही. तो ओरडला असता तर बरे वाटले असते.

एमआय रूममध्ये डॉक्टरांनी विचारले, "काल रात्री काय जेवलास?" मी आधी खोटे बोललो, मग खरे सांगितले. ते म्हणाले, "सुट्टीत खाल्लेस म्हणून तू पडला नाहीस. काल जेवला नाहीस म्हणून पडलास."

त्यानंतर जीवशास्त्राच्या सरांच्या मदतीने मी या विषयावर थोडे वाचले. त्यातले उपयोगी ते इथे देतो.

काट्यावरचे तीन किलो म्हणजे काय?

एक ग्रॅम साखरेतून किंवा पिठातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातुपातून ९. शरीरात एक किलो चरबी साठायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतात. तीन किलोंना २३,१०० होतात. सुट्टी अकरा दिवसांची, म्हणजे रोज २,१०० जास्त.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,८६० किलोकॅलरी लागतात. दोन्ही मिळून रोजचे जवळजवळ ५,००० झाले. मी खादाडपणा केला हे खरे, पण अकरा दिवस रोज इतके खाल्ले नव्हते.

मग बाकीचे वजन कशाचे? बरेचसे पाण्याचे. आपण खाल्लेल्या पिष्टाचा काही भाग स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपात साठतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. चिवडा-चकलीतले मीठही शरीरात पाणी धरून ठेवते. हे पाणी नेहमीच्या जेवणावर आणि नेहमीच्या पीटीवर काही दिवसांत आपोआप उतरते. म्हणजे ज्या आकड्याला घाबरून मी उपाशी राहिलो, त्यातला मोठा भाग नुसता वाट पाहिली असती तरी गेला असता.

'आता मोडलेच आहे'

माझ्या मनातले ते वाक्य काही माझ्या एकट्याचे नाही. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणींना आधी काहीच दिले नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. नंतर सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवून सांगितले, चव सांगा आणि हवे तेवढे खा. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक पिऊन आल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले, कारण पोट भरले होते. ज्या एरवी काटेकोर बंधन पाळत होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. बंधन तुटले असे वाटले की पोटाचे ऐकणेच बंद होते. माझी दिवाळी नेमकी अशीच गेली.

उपाशी राहण्याची शिक्षा

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरायचे हे शोधणे हा त्याचा हेतू होता. हे सर्व जण स्वेच्छेने आले होते. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना नेहमीच्या साधारण निम्मेच अन्न दिले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले. ताकद गेली, चिडचिड वाढली, आणि डोक्यात दिवसभर अन्नाचेच विचार येऊ लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. बंधन उठल्यावर पोट भरले तरी भूक भागत नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांना बरेच दिवस वाटत राहिले.

आपण दोनच जेवणे चुकवतो, त्यांच्याइतके आपले हाल होत नाहीत. पण दिशा तीच असते. उपास करून चूक फेडायला गेलो की पुढची चूक आपण स्वतःच तयार करून ठेवतो.

एका जवानाचे उदाहरण

अविनाश साबळे हे नाव आपल्या शाळेत सर्वांना माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे. बारावीनंतर ते सैन्यात, ५ महार बटालियनमध्ये गेले. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम इथे त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये ते सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावू लागले. एका टप्प्यावर त्यांचे वजन बरेच वाढले होते, आणि ते सुमारे २० किलो कमी करून ते पुन्हा धावण्यात परतले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू. त्यांनी ते वजन सुमारे तीन महिन्यांत उतरवले असे सांगतात. ते प्रौढ जवान होते, आपण वाढत्या वयातली मुले आहोत. त्यांची ती घाई आपण उचलायची नाही. उचलायचे ते एवढेच, की वाढलेले वजन हा त्यांच्या धावण्याचा शेवट ठरला नाही.

आजोबांची वही

हे सगळे मी पुस्तकात वाचले, पण याचे उदाहरण माझ्या घरातच होते. आजोबांना मधुमेह आहे. लक्ष्मीपूजनाला त्यांनी आजीकडे बघत एक अनारसा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर तपासली, आकडा वहीत लिहिला, गोळी घेतली आणि रोजच्यासारखे फिरायला गेले. दुपारी रोजचीच भाकरी, रोजचीच भाजी. ना दुसरा अनारसा, ना उपास.

शर्यतीनंतर फोनवर मी त्यांना सगळे सांगितले. ते भट्टीवर काम केलेले. म्हणाले, "अरे, पाळी बदलताना आम्ही वहीत जे झालं ते लिहीत होतो. बिघाड झाला तर बिघाड लिहायचा. पुढची पाळी तो वाचते आणि तिथून पुढे काम करते. मागच्या पाळीत बिघडलं म्हणून भट्टीला कोणी शिक्षा देत नाही."

मग करायचे काय?

त्या दिवसापासून मी जे करतो, ते क्रमाने देतो.

१. पुढचे जेवण नेहमीचे. उद्यापासून नाही, सोमवारपासून नाही, पुढचेच. आणि पूर्ण : पोळी, वरण, भात, भाजी, दही.

२. एक ओळ लिहायची. काय खाल्ले आणि तेव्हा काय चालले होते. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा 'कंटाळा' हा शब्द आला, 'भूक' फार कमी वेळा.

३. जेवण चुकवायचे नाही आणि शिक्षा म्हणून जास्तीच्या फेऱ्या मारायच्या नाहीत.

४. वजन आठवड्यातून एकदाच. तोच काटा, तीच सकाळची वेळ. सणानंतर आठ दिवस काट्याकडे फिरकायचे नाही.

५. सणाचा पदार्थ ताटात घेऊन, सर्वांबरोबर बसून खायचा. डब्यातून लपून खाल्लेले मोजता येत नाही.

६. एका माणसाला सांगायचे. मी हाउस कॅप्टनला सांगितले. आधी त्याची माफी मागितली.

७. चक्कर येत असेल, जेवण टाळावेसे किंवा लपवावेसे वाटत असेल, तर सरळ एमआय रूम गाठायची. वजन कमी करायचे का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. आपल्या वयात ते आपण एकट्याने ठरवायचे नाही.

पालकांना आणि शिक्षकांना

लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. सुट्टीहून परतलेल्या मुलाला 'किती सुटलास!' असे सर्वांसमोर म्हणू नये. तो त्या रात्री जेवणार नाही. आणि घरी प्रेमाने डबा भरून देताना, 'हे सगळे तुझेच' म्हणण्याऐवजी 'डॉर्मिटरीत सगळ्यांना वाट' असे सांगितले तर फार मदत होते.

शेवटी

शर्यतीनंतरच्या रात्री मेसमध्ये ताट हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. जेवायची भीती वाटत होती. तेव्हा वाढणाऱ्या भैयांनी न विचारता दोन पोळ्या ठेवल्या आणि म्हणाले, "बैठो, ठंडा हो जाएगा." मी बसलो आणि जेवलो. माझे 'कदम बदल' तिथे झाले. आठव्या दिवशी काट्यावर दीड किलो कमी दिसले. बाकीचे हळूहळू उतरत आहे, त्याची घाई नाही.

संक्रांतीनंतरच्या पालकभेटीच्या रविवारी आई तिळाचे लाडू आणि शेजारच्या काकूंची ठेठरी घेऊन आली. मी दोन लाडू खाल्ले, ठेठरी डॉर्मिटरीत वाटली. संध्याकाळी मेसमध्ये नेहमीचे जेवण केले आणि सोमवारी पहाटे पीटीला फॉल इन झालो. पुढच्या वर्षीच्या क्रॉसकंट्रीसाठी आमच्या हाउसचा सराव सुरू झाला आहे. सहावे नाव अजून कोणाचेही लिहिलेले नाही.