एमबीबीएस हुकलं, तर कॅथ लॅबचा विचार करा

बारावी सायन्सचा निकाल लागला की वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीतल्या घरांत चिंता सुरू होते : ‘नीट’ला मार्क कमी पडले, आता पुढे काय? पालकहो, मेडिकल म्हणजे फक्त डॉक्टर नव्हे. रक्तवाहिन्यांच्या इमेजिंगचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञांशिवाय चालत नाही.

काम काय असतं?

अँजिओग्राफी जिथे होते, ती कॅथ लॅब. तिथे डॉक्टर मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि आयोडीनयुक्त डाय सोडतात. एक्स-रेच्या पडद्यावर रक्तवाहिनी उमटते; ब्लॉकेज असेल तिथे ती एकदम निमुळती दिसते. या वेळी टेक्निशियनची नजर ईसीजी आणि रक्तदाबाच्या आलेखावर असते. आलेख बिघडला, की तत्क्षणी सांगायचं. पेशंटचा क्रिएटिनिन रिपोर्ट आला का, डायची अॅलर्जी आहे का, हेही आधी तपासून घ्यायचं. मेंदूच्या डीएसए तपासणीत डायआधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा होतं; कवटीचं हाड पुसलं जातं, रक्तवाहिन्या तेवढ्या उरतात.

शिक्षण कुठलं?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुढे १ वर्ष इंटर्नशिप. बीपीएमटीत रेडिओग्राफी आणि कॅथ लॅब या वेगळ्या शाखा आहेत. सीटी आणि एमआर अँजिओग्राफीची आवड असेल, तर रेडिओग्राफी घ्या. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या अधिसूचनेतच वाचा.

फी भरण्याआधी

६ महिन्यांत टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी, अशा जाहिरातींना भुलू नका. संस्थेला विद्यापीठाची संलग्नता आहे का आणि चालू कॅथ लॅबमध्ये प्रत्यक्ष काम मिळणार का, हे विचारा. या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला आहे. मान्यता नसलेलं प्रमाणपत्र पुढे अडचणीत आणेल. कोर्स करून स्वतःचं सोनोग्राफी सेंटर चालवू, हा बेतही सोडा. आपल्याकडे कायद्याने सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करायची असते.

रेडिएशनचं काय?

भीती रास्त आहे, पण नियमही कडक आहेत. शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज लावतात. त्यावरून शरीराला मिळालेला डोस मोजला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. बॅज न देणाऱ्या ठिकाणी मुलांनी एक दिवसही काम करू नये.

हार्ट अटॅक वेळ पाहून येत नाही, त्यामुळे रात्रपाळी आणि ऐनवेळचा कॉल ठरलेलाच. वज्रेश्वरीहून रोजची ये-जा झेपणार नाही. ठाणे-मुंबईत राहण्याचा खर्च फीबरोबरच धरा आणि मुलाला किंवा मुलीला ही धावपळ मानवेल का, हे आधी त्यांनाच विचारा.