गोळीतलं ‘बाकीचं’

सातपूर कॉलनीतले एक कामगार गेल्या आठवड्यात आईला घेऊन माझ्याकडे आले. आजींना रोज सकाळी चक्कर येत होती. रक्तदाबाची गोळी गिळवत नाही म्हणून सूनबाई ती पोळपाटावर लाटण्याने कुटून मधातून देत होत्या. पट्टी पाहिली, तर नावापुढे ‘ईआर’ अक्षरं. दिवसभर थोडं थोडं सुटावं म्हणून बनवलेलं औषध एकदमच अंगात जात होतं. ईआर, एसआर, एक्सएल लिहिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटू नका.

औषध असं धरून ठेवणारा पदार्थ स्वतः औषध नसतो. त्याला निष्क्रिय घटक म्हणतात, आणि हे नाव मला फसवं वाटतं. ५ मिलिग्रॅमच्या गोळीत औषध चिमटीत सापडणार नाही इतकं. बाकी स्टार्च, सेल्युलोज, लॅक्टोज. डाय-पंच म्हणजे काय हे सातपूरकरांना सांगायला नको. गोळीही तशीच साच्यात दाबून पाडतात. भुकटी पंचला चिकटू नये म्हणून तिच्यात टक्काभर मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळतात. ते गरजेपेक्षा जास्त वेळ घोळलं, तर कणांना पाणी लागू न देणारा थर चढतो आणि गोळी पोटात उशिरा विरघळते. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट्सवरच्या फेनिटॉइन कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज भरलं गेलं. डोस तोच, पण रक्तात औषध जास्त उतरलं आणि रुग्णांना विषबाधा झाली. म्हणून फिट्सच्या किंवा थायरॉइडच्या गोळीची कंपनी परस्पर बदलू नका. मेडिकलवाल्यांनी दुसरी दिली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सिरपचं मला जास्त भय वाटतं. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. चौकशीला न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, मूत्रपिंडं निकामी करणारं कारखान्यातलं रसायन. तिथे ग्लिसरीन औषध म्हणूनच दिलं होतं. पण सिरपला गोडी आणि दाटपणा यावा म्हणूनही तेच घालतात. २०२५मध्ये छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या रुग्णालयांत आणावी लागली. त्यांच्या खोकल्याच्या सिरपमध्ये तेच विष ४८.६ टक्के निघालं. ३९ वर्षांनी, तेच विष!

२ वर्षांखालच्या बाळाला खोकला-सर्दीचं सिरप देऊच नका. मोठ्या मुलाला दिलंत तर बिल आणि बाटली जपून ठेवा. बॅच नंबर बाटलीवर असतो. सिरपनंतर उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.