मधला पंधरवडा

ऑनलाइन कोर्स आणि गटात बसून शिकणं या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आपोआप चांगलं होतं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. प्रशिक्षण आखणारे बहुतेक जण आजही तेच मानतात. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मोजतो तो शिकणारा, त्याच्यामागे त्याच्या हाताखालची माणसं. शिक्षकांच्या बाबतीत तर ती किंमत लहान मुलं मोजतात. म्हणून नव्याने प्रशिक्षण आखायला बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

उदाहरण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं घेतो, कारण त्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी कधीच्याच आहेत. महाराष्ट्रात १९९४-९५ च्या सुमारास प्राथमिक शाळांची ४,८६० केंद्रं झाली. जवळपासच्या दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि महिन्यातून एकदा साऱ्या शिक्षकांनी केंद्रातल्या एखाद्या शाळेत जमायचं. आज या जमण्याला शिक्षण परिषद म्हणतात. दुसरीकडे ५ सप्टेंबर २०१७ ला ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठीचा कार्यक्रम समोरासमोरच्या वर्गांनी सुरू झाला आणि कोरोनामुळे ऑक्टोबर २०२० पासून तो दीक्षावर आला. पहिल्या टप्प्यात १८ घटक होते, दर पंधरवड्याला तीन. नरखेडच्या टोकाला असलेल्या शाळेतल्या बाईंना आणि नागपूर शहराला लागून असलेल्या शाळेतल्या सरांना एकाच दिवशी, एकाच दर्जाचा मजकूर मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी राज्याच्या तज्ज्ञाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला असं झिरपत प्रशिक्षण यायचं आणि शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेतो त्यातलं पाणीच उरायचं. ऑनलाइन कोर्सने ही गळती थांबवली. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

मग अडलं कुठे? कोर्स आणि परिषद या दोन गाड्या समांतर रुळांवरून धावतात, तिथे अडलं. ग्रुपवर लिंक येते. मुदत संपायच्या आधी कोर्स संपवायचा, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, स्क्रीनशॉट टाकायचा. ‘आपल्या केंद्राचं शंभर टक्के झालं’ असा निरोप वर जातो. परिषदेत आधी परिपत्रकं वाचली जातात, मग माहिती भरायची राहिलेल्यांची नावं, मग कोर्समध्ये जे सांगितलं तेच कुणीतरी पडद्यावर पुन्हा सांगतो, नंतर चहा. कुणाचाही कामचुकारपणा इथे नाही, आखणीच तशी असते. ज्याला आपण जोड म्हणतो ती प्रत्यक्षात एकाच गोष्टीची पुनरुक्ती असते, एकदा मोबाइलवर आणि एकदा सतरंजीवर.

पूर्णतेच्या आकड्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळी दिशाभूल तिथूनच सुरू होते. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ‘एडएक्स’वरच्या कोर्सेसचा हिशेब जस्टिन राइश आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला होता. २०१७-१८ मध्ये नावं नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला. आपल्याकडच्या सक्तीच्या कोर्सचा आकडा नव्वदीच्या पुढे गेला की आपण खूश होतो. पण तिथला आकडा माणसाची हौस मोजतो आणि इथला आकडा वरिष्ठांचा धाक. शिकणं दोन्हींत मोजलं जात नाही. शंभर टक्के झालेल्या केंद्रात वर्गात काय बदललं, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

आता एक वहीचं पान बघू. तिसरीतल्या मुलाने ५२ वजा २७ याचं उत्तर ३५ लिहिलं आहे. हातच्याच्या वजाबाकीवरचा कोर्स आपल्याला सांगतो की एक दशक सुटा करावा, काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापराव्यात. अगदी बरोबर सांगतो. पण हे ३५ दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतं. एक मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दुसरं मूल दशक नीट सुटा करतं, बारातून सात वजा करून पाच लिहितं, आणि दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं: पाचातून दोन गेले तीन. उत्तर तेच, ३५. पहिल्या मुलाला हातचा मुळात कळलेलाच नाही. दुसऱ्याला कळला आहे, त्याचा हिशेब पुरा करायचा राहिला आहे. दोघांना एकच उपाय केला तर एकाचा वेळ वाया जातो आणि दुसऱ्याचं दुखणं तसंच राहतं. तपासणाऱ्याच्या लाल पेनाला यातलं काहीच दिसत नाही, कारण दोन्ही वह्यांत फुली एकसारखीच असते.

पाच शिक्षक अशा वह्या मधे ठेवून बसले की कुणीतरी म्हणतो, ५२ वजा २७ नको, ८३ वजा ४६ देऊन बघा. मग वाटा फुटतात. पहिल्या चुकीचं उत्तर ४३ येतं, दुसरीचं ४७. ही सूचना कोर्समध्ये नसते, कारण कोर्स करणाऱ्याने तुमच्या वर्गातली वही पाहिलेली नसते. एकट्या शिक्षकालाही ती सुचेलच असं नाही, कारण त्याच्यापुढे एकाच वर्गाच्या वह्या असतात. ती सुचते दहा शाळांच्या वह्या एका जागी आल्यावर. मराठीच्या संख्यानामांचंही तसंच. एकोणचाळीस ऐकून मूल ४९ लिहितं, कारण कानावर शेवटी चाळीस पडलेलं असतं. सत्तावीस ऐकून ७२ लिहितं, कारण सात आधी ऐकू येतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची पर्यायी पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! त्या वादात वर्गातल्या वह्या फार थोड्यांनी पुढे केल्या. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला गोंडी बोलणारी मुलं वर्गात असतात, त्यांच्या चुकांची वाट आणखी निराळी असू शकते. सबंध देशासाठी केलेल्या कोर्सने हे सगळं पुरवावं अशी अपेक्षाच अन्यायाची आहे. ते काम परिषदेचं आहे आणि परिषद ते करत नाही, कारण परिषदेत वह्याच नसतात.

माझं म्हणणं एवढंच की कोर्स आणि परिषद यांना जोडणारी वस्तू म्हणजे मधला पंधरवडा. त्या पंधरवड्यात शिक्षकाने स्वतःच्या वर्गात एक छोटी गोष्ट करून पाहिली आणि तिचा पुरावा परिषदेत आणला, तर कोर्स कामी येतो आणि परिषदेला विषय मिळतो. मधलं काहीच नसेल, तर कोर्स विसरला जातो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला सुमारे ६१ टक्के. वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती. व्हिडिओ पाहताना येणारी ‘समजलं’ ही भावना नेमकी अशी फसवी असते. ती वर्गात, चाळीस मुलांसमोर तपासली जाते.

आणखी एक गोष्ट, जी आखणाऱ्यांना उलटी वाटेल. व्हिडिओ नेहमी आधीच हवा असं नाही. डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रान्सफर्ड यांनी १९९८ साली दाखवून दिलं की आधी उदाहरणं ताडून पाहिलेल्या विद्यार्थ्यांना नंतरचं व्याख्यान जास्त लागू पडतं. नुसता मजकूर वाचून त्याचा सारांश काढणाऱ्यांना ते तेवढं लागू पडत नाही. वह्या पाहून ‘हे मूल असं का करतं?’ हा प्रश्न पडल्यावर कोर्समधली सहा मिनिटं पुन्हा पाहिली, तर ती सहा मिनिटं आधीच्या दोन तासांपेक्षा जास्त देऊन जातात. गटाला तज्ज्ञ लागतोच, नाहीतर चुकीचा समज एकाकडून दहा जणांकडे जातो. तो तज्ज्ञ कोर्समध्ये बसलेला आहे. त्याला बोलावायची वेळ तेवढी आपण चुकवतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो आणि तो खरा आहे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवं ॲप, त्यात हे कुठे बसवायचं? अमेरिकेच्या शिक्षण विभागासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा ऑनलाइन आणि समोरासमोर यांचं मिश्रण नुसत्या समोरासमोर शिकवण्यापेक्षा सरस ठरलं. हा निष्कर्ष सगळे सांगतात. त्याच अहवालातला इशारा कमी जण सांगतात: मिश्र पद्धतीत शिकणाऱ्यांना अनेकदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळालं होतं, म्हणून सारं श्रेय माध्यमाला देता येत नाही. मी हा इशारा मनापासून मानतो. मिश्रणात जादू नाही. शिकायला दिलेल्या वेळेत आहे आणि त्या वेळेत काय केलं यात आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हणतं. हे तास रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर भरून काढायचे असतील, तर सर्टिफिकेटांपलीकडे काही हाती लागणार नाही. वर्षाला दहा कोर्सऐवजी चारच द्या आणि प्रत्येकाला एक महिना द्या. हे करायला पैसा लागत नाही, वरच्या टेबलावर कुणीतरी सहा कोर्सना नाही म्हणावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की गटात मोठेच बोलतात. केंद्रप्रमुख बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी मान हलवते. हेही खरं. म्हणून वहीवरचं मुलाचं आणि शाळेचं नाव झाकून ठेवावं, आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहावा. लिहिलेलं मत बोलण्याच्या ओघात वाहून जात नाही. पाच-सहा जणांचेच गट करावेत, चाळीस जणांची सभा नको. शिक्षकांना तज्ज्ञाचं व्याख्यानच जास्त आवडतं, अभिप्रायाच्या फॉर्मवर तसंच येतं, असंही म्हटलं जातं. येतंच. हार्वर्डमध्ये २०१९ साली भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: स्वतः खटपट करून शिकणाऱ्यांना वाटलं आपण कमी शिकलो, आणि चाचणीत ते जास्त शिकलेले निघाले. अभिप्रायाच्या फॉर्मवरून पुढचं प्रशिक्षण ठरवू नये ते यासाठीच.

हे शाळांपुरतं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीच्या ‘मिशन कर्मयोगी’ला २ सप्टेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा कामाच्या जागी शिकण्यावर भर देण्याचं तत्त्व त्यात लिहिलेलं होतं. आज नागपुरातल्या केंद्र सरकारी कार्यालयांत त्याच्या ‘आयगॉट’ या ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्सेसचे तास मोजले जातात. त्या तासांनंतर टेबलावरची एखादी खरी फाइल घेऊन चार जण बसतात का, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाच्या या शहरात, आग विझवणं नुसत्या व्हिडिओने शिकवावं असं कुणीच म्हणणार नाही. वजाबाकी शिकवणं आणि नागरिकाच्या अर्जाला उत्तर देणं हीही हातांनी करायचीच कामं आहेत, फक्त त्यांत धूर दिसत नाही.

केंद्रापुरतं करायचं ते असं. पहिल्या आठवड्यात कोर्सचा एकच भाग पाहायचा. पुढच्या दोन आठवड्यांत वर्गात एकच गोष्ट करून पाहायची आणि चार वह्या राखून ठेवायच्या: एक बरोबर, दोन चुकलेल्या, एक न कळलेली. परिषदेचे पहिले दोन तास वह्यांचे, परिपत्रकं शेवटच्या अर्ध्या तासात किंवा ग्रुपवर. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला आला तर दुसऱ्यावर सगळे वर्ग पडतात, म्हणून दोघांनी आळीपाळीने यावं आणि न आलेल्याच्या वह्या आलेल्याने आणाव्यात. अनेक केंद्रांत केंद्रप्रमुखाचं पद रिकामं असतं किंवा एकाकडे दोन-तीन केंद्रं असतात. तिथे ज्या शाळेत परिषद आहे तिथल्या शिक्षकाने वह्यांचे दोन तास चालवावेत, त्याला हुद्दा लागत नाही. आणि पंचायत समितीकडे जाणाऱ्या अहवालात हजेरीच्या खाली तीन ओळींची जागा ठेवावी: कोणती चूक दिसली, काय करून पाहिलं, पुढच्या महिन्यात त्याच मुलाच्या वहीत काय आलं.